गंगापूर रोडवरची मेढ

माझं माहेर नांदगावचं, वडील धान्याच्या अडतीत. कुणी माल घेऊन आला की वडील त्याच्याशी गोड बोलत, चहा पाजत, आणि बोलता बोलता पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा वर काढत. वरचा दाणा ते बघतच नसत. तेच वळण आम्हा भावंडांना लागलं. अजूनही कुणी माझ्याशी फार प्रेमानं वागायला लागलं, की याला नक्की काय हवंय, असं आधी मनात येतं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "सासरी तरी जरा भरवसा ठेवायला शीक बाई." मी मान डोलावली. सासरी येऊन बघते तर तिथं माझ्यावर कडी करणारी माणसं बसलेली.

सासर नाशिकचं. गंगापूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, एकीमागं एक. सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं. त्या भागात तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि निम्म्यांवर बंगले उठत होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीत कारकून. ते दाराला कुलूप लावत, ओढून बघत, रस्त्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघत. दूधवाला दूध मोजायला लागला की मामंजींची नजर त्याच्या मापात बुडालेल्या अंगठ्यावर. आमचं दोघांचं पहिल्या आठवड्यातच जमलं. सासूबाई म्हणायच्या, "सून शोधायला गेलो आणि ह्यांचीच मुलगी घेऊन आलो."

मामंजींचं मूळ घर वणीकडच्या एका गावात होतं. लग्नानंतर गडावर देवीला जाऊन आलो आणि खाली उतरून त्या घरी मुक्कामाला गेलो. तिथं मामंजींचे थोरले भाऊ राहत, शेती बघत. त्यांना मी थोरले मामंजी म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला थोरल्या सासूबाई, असं मला आधीच पढवून ठेवलं होतं.

घर बाहेरून बघाल तर मातीच्या भिंती, वर कौलं, विशेष काही नाही. आत पाऊल टाकल्यावर कळायचं की भिंती नुसत्या आडोशाला आहेत, घर सगळं लाकडावर उभं आहे. दगडी तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवे वासे, आणि फळ्या. खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं ते खणांवर मोजायचं. लोखंडाचा खिळा औषधालासुद्धा नव्हता. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जीभ कोरलेली, ती तुळईच्या भोकात बसवायची आणि आडवी लाकडी खुंटी ठोकून पक्की करायची. आमचे हे मोठ्या अभिमानानं मला हे सगळं दाखवत होते आणि मी वर बघून विचार करत होते, की यातली एक खुंटी निसटली तर पहिलं कुणाच्या डोक्यावर काय पडेल.

माजघराच्या मधोमध एक खांब बाकीच्यांपेक्षा जाड होता. तेलाच्या आणि धुराच्या पुटांनी काळा झालेला, आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर हळदीकुंकवाचे थर. ती घराची मेढ. घर बांधताना सगळ्यात आधी उभा करतात तो हा खांब. त्याची पूजा झाल्याशिवाय दुसरं लाकूड उभं करायचं नाही, अशी त्यांच्याकडं रीत. नवी सून आली की देवघराच्या आधी मेढीला हळदकुंकू लावायचं. मी लावलं. थोरल्या सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तू ह्या घरची झाली. मेढीनं पाह्यलंय तुला." मला ते बोलणं थोडं धमकीसारखं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी गावात मोजणीवाले आले. नदीवर धरण व्हायचं होतं आणि गाव पाण्याखाली जाणार होतं. माळावर नवं गावठाण आखलं. घराच्या उताऱ्यावर दोघा भावांची नावं, म्हणून दोघांना वेगवेगळे प्लॉट मिळाले, तेही गावठाणाच्या दोन टोकांना. जुन्या घराचं लाकूड ज्याचं त्यानं उतरवून न्यायचं होतं. म्हणजे घर एक, मालक दोन आणि जागाही दोन. आता हे घर कुणाच्या जागेवर उभं राहणार, या प्रश्नानं आमच्या दोन खोल्यांत ठाण मांडलं.

मला खरं तर यात काही प्रश्नच दिसत नव्हता. आम्ही कुणी तिथं राहायला जाणार नव्हतो. थोरल्यांचा संसार, गुरंढोरं, शेती सगळं तिथलंच. मी मामंजींना तसं म्हणालेसुद्धा. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "मला कुठं राहायचंय तिथं? पण दादाच्या जागेवर घर उभं राहिलं की ते दादाचं झालं. मग मी गेलो तर पाहुणा. माझा जन्म त्या माजघरात झालाय. उद्या तिथं जाऊन मी चपला काढून 'येऊ का' म्हणून विचारू?" मला त्यांची फार दया आली. आपल्या घरातून आपण न भांडता, न बोलता, नुसते पुसले जाऊ, याची त्यांना भीती वाटत होती.

एका रविवारी आम्ही गावी गेलो, तर प्रत्येक खांबावर गेरूनं खुणा. कुठं ठिपके, कुठं रेघा, मेढीवर अर्धचंद्र. तुळयांवरही तसंच. मामंजींचा चेहरा उतरला. त्या दिवसांत जुन्या घरांचे नक्षीदार दरवाजे आणि खांब विकत घेणारे व्यापारी धरणात जाणाऱ्या गावांतून फिरत असत. गाव उठणार म्हणजे लाकूड सुटणार, हे त्यांना आपल्याआधी कळायचं. आणि ते माल हेरला की अशाच खुणा करून जात, असं मामंजींनी ऐकलं होतं.

"दादा, या खुणा कुणाच्या?"

"माझ्या," थोरले मामंजी म्हणाले. "आरं धाकल्या, घर उतरवायचं तं खुणा नको का? कोनता खांब कुठला, मागनं कसं कळंल?"

उत्तर अगदी पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला खटकलं. आमच्या अडतीत ज्याच्याकडं प्रश्न विचारायच्या आत उत्तर तयार असायचं, त्याचं पोतं वडील हमखास उलटं करायला लावत. एसटीत मी मामंजींना हे बोलून दाखवलं. दिंडोरी मागं पडल्यावर मामंजी म्हणाले, "मेढ आपण आणू."

मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेढीशिवाय घराला सुरुवात करता येत नाही. मेढ आपल्याकडं असली की दादाला घर विकताही येणार नाही आणि आपल्याला टाळून उभंही करता येणार नाही. मुहूर्त धरायचा झाला की त्याला आपल्या दारात यावंच लागेल. कारकुनाचं डोकं ते. मूळ प्रत आपल्या कपाटात ठेवून घेतली की समोरच्याचं काम आपोआप अडतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. हे म्हणाले, "बाबा, तो खांब आहे, कागद नाही." पण मला ती युक्ती बेहद्द आवडली.

घर उतरवायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. आधी कौलं उतरली, मग फळ्या, मग कड्या. सुतार उलट्या बाजूनं खुंट्या ठोकून बाहेर काढत होते आणि तुळया दोरांवर सावकाश खाली येत होत्या. कुठं काही मोडलं नाही, चिरलं नाही. धूळ मात्र इतकी, की माणूस माणसाला ओळखेना. दुपारपर्यंत आजूबाजूला सगळा ढीग आणि मधे एकटी मेढ उभी, तिच्यावर उघडं आभाळ. थोरल्या सासूबाई पदर तोंडाला लावून बांधावर बसल्या होत्या. मामंजींनी आणलेला टेम्पो तेव्हा पिंपळाखाली येऊन थांबला.

"माझ्या वाट्याचं मी नेतो," मामंजी म्हणाले.

"काय नेतो?"

"मेढ."

काम करणारी माणसं थांबली. थोरल्या मामंजींनी डोक्याचं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं. "आन् बाकीचं?"

"बाकीचं तुझ्याकडं राहू दे."

थोरल्यांनी भावाकडं बघितलं. मी तयारीत होते, आता भांडण होणार. पण ते माणसांना म्हणाले, "चढवा रे टेम्पोत. बुडखा म्होरं ठेवा. दोर काचंल तिथं गोनपाट लावा." बस्स, एवढंच.

परतीच्या वाटेवर मामंजी फार बेचैन होते. "इतक्या सहज कसा दिला?" ते परत परत म्हणत होते. "काहीतरी आहे. याच्यात काहीतरी आहे." भांडण झालं असतं तर त्यांना शांत झोप लागली असती.

आता तो खांब ठेवायचा कुठं, याचा विचार युक्ती काढताना कुणीच केला नव्हता. अंगणात ठेवावा तर मामंजींना चोरीची भीती. खोलीत तिरपाही मावेना. शेवटी तो बाहेरच्या खोलीत भिंतीलगत आडवा ठेवला, आणि त्याचा शेंडा मधल्या दारातून थेट स्वयंपाकाच्या खोलीत आला. मधलं दार लागायचं बंद झालं. माझ्या लग्नाला तेव्हा दीड-दोन वर्षंच झाली असतील! त्या घरात दार लावता येईल अशी तेवढीच एक जागा होती. मी जुन्या साडीचा पडदा शिवून तिथं लावला आणि आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. मामंजींनी मुद्दामच असं ठेवलं, म्हणजे घरात काय चाललंय ते त्यांना कळावं, अशीही एक शंका माझ्या मनात येऊन गेली. यांना सांगितली तर हे हसत सुटले. मला हसू आलं नव्हतं.

आम्ही त्याला ओलांडत राहिलो. भाकरीची परात घेऊन ओलांडायचं, पाण्याची कळशी घेऊन ओलांडायचं. पाहुणे अडखळत. पायाची करंगळी ठेचली नाही असा माणूस आमच्याकडं नव्हता. घरमालकाला वाटलं, आम्ही पेठ-सुरगाण्याच्या जंगलातलं चोरटं सागवान लपवलंय. तो भाडं मागायच्या निमित्तानं यायचा आणि खांबाचा वास घेतल्यासारखं करायचा. शेजारणी मला विचारायच्या, "देवाचं आहे का काही?" मी म्हणायची, "सासऱ्यांचं आहे." माझी मुलगी त्याच खांबाला धरून उभी राहायला शिकली. तेव्हापासून मात्र माझा त्याच्यावरचा राग थोडा उतरला.

जवळच बंगला बांधणारे एक गृहस्थ घरमालकाकडून ऐकून आमच्याकडं आले. त्यांना दिवाणखान्यात मधोमध एक जुना खांब हवा होता, नुसता शोभेला. "वर स्लॅबच असेल, याच्यावर भार काही येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी खांबावर टकटक केलं, खूश झाले. म्हणाले, मागाल ते देतो. सासूबाईंचे डोळे चमकले, खोटं कशाला सांगू, माझेही. मामंजी उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या गृहस्थांच्या चपला स्वतः सरळ करून दारात ठेवल्या. ते बिचारे चपला घालून गेले. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, की मामंजींना हा खांब भावाला अडवायला नको आहे, त्यांना तो खरंच हवा आहे. हे कदाचित त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर थोरले मामंजी आले. नागलीचं पीठ आणि शेंगांचं गाठोडं घेऊन आले. आणि कारण सांगितलं, डोळे दाखवायचेत. गाव उठल्यापासून ते माळावर पत्र्याच्या छपरात राहत होते आणि घराचं लाकूड ताडपत्रीखाली पडून होतं. आम्ही खुर्ची दिली तर ते खुर्चीवर बसेनात, खांबावरच बुडख्याच्या टोकाला बसले. चहा पिता पिता म्हणाले, "कुनी बंगलेवाला इचारत व्हता म्हनं ह्याला?"

मामंजी ताडकन म्हणाले, "मी विकला नाही."

"मी कुठं म्हन्लं इकला?"

मी स्वयंपाकाच्या खोलीतून पडद्याच्या फटीतून बघत होते. थोरल्यांच्या एका हातात बशी होती आणि दुसरा हात खांबावर वीत वीत पुढं सरकत होता. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. बसल्या जागेवरून ते हळूहळू शेंड्याकडं सरकत गेले, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गोष्टी. पडदा सारून अगदी टोकापर्यंत आले तेव्हा आमची नजरानजर झाली. ते काही झालंच नाही असं हसले आणि म्हणाले, "च्या चांगला झाला व्हता, सूनबाई."

ते गेल्यावर मी मामंजींना सगळं सांगितलं. मामंजी म्हणाले, "दुसरी करून घेतोय. मापानं दुसरी मेढ करून घेतोय तो." संध्याकाळी ते बाजारातून साखळी आणि कुलूप घेऊन आले आणि त्यांनी खांब खिडकीच्या गजाला बांधून टाकला. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, कुणी खिशात घालून नेणार आहे का तो?" मामंजींनी कुलूप ओढून बघितलं.

त्यानंतर जाणंयेणं जवळजवळ थांबलं. थोरल्यांकडून निरोप नाही, आमच्याकडून विचारणा नाही. पावसाळे गेले. आणि ऐंशी साल उजाडल्यावर कधीतरी त्यांच्या गावचा एक माणूस कोर्टाच्या कामाला नाशिकला आला होता, तो आमच्याकडं जेवायला थांबला. ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "थोरल्यांनी घर लय झ्याक उभं केलं बरं का. मागल्या उन्हाळ्यापासून त्यातच ऱ्हातेत. तुम्हाला ठाव नाय व्हय?"

पाहुणा गेल्यावर मामंजी उठले, साखळीचं कुलूप काढलं आणि यांना म्हणाले, "त्या बंगलेवाल्याला निरोप दे. घेऊन जा म्हणावं." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना खूप चिडलेलं पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

पण मला रडताना सुद्धा शंका यायच्या थांबत नाहीत. हा माणूस आपल्याकडं आजच का आला? जेवता जेवताच का सांगितलं? आणि 'झ्याक' म्हणताना तो हसला का? मी म्हणाले, "मामंजी, आपण बघितलंय का? नुसतं कुणी सांगितलं म्हणून विकायचं? आधी जाऊन बघू, मग विका." मामंजींनी माझ्याकडं बघितलं. न बघता कुणाचं ऐकायचं नाही, हे त्यांनाही पटण्यासारखं होतं.

रविवारी आम्ही दोघंच गेलो. नवं गावठाण म्हणजे मुरमाड माळ, झाड औषधाला नाही, लांब धरणाचं पाणी चकाकत होतं. घर दुरून दिसलं. तीच कौलं, तोच ओटा, भिंती मात्र विटांच्या. दारात थोरल्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि बाजूला झाल्या.

मामंजी थेट माजघरात गेले. मी त्यांच्यामागं. मधोमध मेढीचा तळखडा होता, जुना, तोच. तो रिकामा होता. स्वच्छ पुसलेला, वर ताजं हळदकुंकू. त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर बाभळीचा एक ओबडधोबड टेकू तुळईखाली ठोकलेला आणि त्याला उंबराची सुकून कोळ झालेली फांदी बांधलेली. लग्नाच्या मांडवाला बांधतात तशी.

"मांडवाची मेढ हाय ती," मागून थोरल्या सासूबाई म्हणाल्या. "घराची न्हाय. पोरं पत्र्याखाली आजारी पडाया लागली, मंग काय करावं? तं हे म्हन्ले, मांडव घालू. मांडवाला कुठलीबी मेढ चालती. वास्तुशांत नाय केली आम्ही. गावातली हसत्यात, म्हनत्यात मांडवात ऱ्हातेत."

मामंजी टेकूभोवती फिरले. वर बघितलं, खाली बघितलं. मी परसदारी गेले, गोठ्यात गेले, कडब्याच्या गंजीमागं जाऊन बघितलं. मापानं करून घेतलेला दुसरा खांब कुठंतरी असणारच, अशी माझी खात्री होती. नव्हता. परत आले तर मामंजी तळखड्याजवळ उकिडवे बसले होते आणि त्या दगडावर त्यांनी हात ठेवला होता. थोरले शेतात होते. आम्ही त्यांची वाट न बघताच निघालो, कारण मामंजींना त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी टेम्पो आमच्या गल्लीत आला. खांब बाहेर निघाला तेव्हा घरमालक, शेजारणी, सगळे बघायला उभे. मधलं दार मी लावून बघितलं. इतक्या वर्षांनी ते करकरलं, फुगलं होतं, लागलं नाहीच.

गावी सुतार तयार होता. निरोप कुणी दिला होता कोण जाणे, बहुतेक यांनी. खांब उभा करायला घेतला आणि घोळ झाला. खांब चार बोटं जास्त भरत होता. थोरले चिडून म्हणाले, "आसं कसं? मी नाशकाला जाऊन वितीनं माप घ्येऊन आलो व्हतो! टेकू तेवढाच तोडलाय." सुतारानं टेकूचं बूड दाखवलं. कौलांच्या वजनानं तो मुरमात रुतला होता आणि तुळई तेवढी खाली बसली होती. आता ती वर रेटली तर बाकीच्या खुंट्या चिरतील, असं त्याचं म्हणणं. "बुडाकडनं चार बोटं उतरवतो," तो म्हणाला आणि त्यानं करवत उचलली.

मामंजी माझ्या शेजारी उभे होते. मला हळूच म्हणाले, "बघितलंस? शेवटी कापणारच." आणि मलाही, खरं सांगते, तेच वाटलं होतं.

"ठिव ती करवत खाली," थोरले म्हणाले. "त्याच्या खांबाला कुनी हात लावायचा न्हाय. दगड काढा. जमीन उकरा."

"आवो, खाली नुस्ता मुरूम हाय, दगडागत. दिस जाईल."

"जाऊ दे."

पहिली पहार थोरल्यांनी स्वतः घेतली. त्या वयात, उघड्या अंगानं. तळखडा बाजूला घेतला आणि ते खाली खणू लागले. पहार पडली की ठिणगी उडायची आणि मूठभर मुरूम निघायचा. आमचे हे पुढं झाले, त्यांची मुलं पुढं झाली, पण थोरले पहार सोडेनात. मामंजी थोडा वेळ नुसते बघत होते. मग त्यांनी शर्ट काढून माझ्याकडं दिला आणि खड्ड्याजवळ बसून हातानं मुरूम बाहेर काढू लागले. कचेरीचे ते मऊ हात, नखांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत. थोरल्या सासूबाईंनी आणि मी मिळून पिठलं-भाकरी केली, ती दुपारी कुणी खाल्ली नाही.

उन्हं कलल्यावर तळखडा चार बोटं खाली बसला. मेढ उभी राहिली. तिच्या डोक्यावरची जीभ तुळईच्या भोकात गेली आणि सुतारानं खुंटी ठोकली. टेकू काढला तसं सगळं घर एकदा कुरकुरलं, कौलांवरून थोडी माती खाली सांडली, मग शांत झालं. मी आणि थोरल्या सासूबाईंनी मेढीला हळदकुंकू लावलं. गेरूचा अर्धचंद्र अजून तिच्या अंगावर फिकट दिसत होता.

दोघं भाऊ ओट्याच्या पायरीवर बसले होते, मुरमानं माखलेले. मी चहा घेऊन गेले. मामंजींनी कप हातात धरला, पण प्यायला नाही. समोर बघत म्हणाले, "दादा, जागा रिकामी ठेवली होतीस, ते सांगितलं का नाहीस मला? एक कार्ड टाकलं असतंस."

थोरल्यांनी चहा बशीत ओतला. "सांगितलं आसतं," ते म्हणाले, "तं तुला खरं वाटलं आसतं का?"

हो म्हणायला किती सोपं होतं. मी मनातल्या मनात मामंजींना म्हणत होते, म्हणा की हो.

"नसतं वाटलं, दादा," ते म्हणाले, आणि पायरीवर बसल्या बसल्या रडायला लागले.